चाळीस घोड्यांचा हिशेब

गाडी १९७२ सालची प्रीमियर प्रेसिडेंट. त्याआधी हीच फियाट डिलाइट होती, दोन वर्षांनी हीच पद्मिनी झाली. बॉनेटखालचं इंजिन तिघींचं एकच. १०८९ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ७५. पुशरॉडवर चालणारे व्हॉल्व्ह, तीन मेन बेअरिंगांवर फिरणारा मुख्य दांडा म्हणजे क्रँक, लोखंडी ब्लॉकवर झाकणासारखं बसणारं अॅल्युमिनियमचं हेड आणि पेट्रोल-हवा मिसळणारा एक सोलेक्स कार्ब्युरेटर. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघताना साधारण चाळीस घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर. त्यातले किती उरलेत हे मला माहीत नव्हतं, आणि मी मात्र त्यात आणखी किती भरता येतील याच्या वह्या भरत बसलो होतो.

घर चाळीसगावला, बहीण संभाजीनगरला. मध्ये कन्नडचा घाट, म्हणजे औट्रम घाट. थंडीत दोघं असलो की गाडी तिसऱ्या गियरवर घाट चढते. उन्हाळ्यात चौघं बसले की पहिल्या मोठ्या वळणानंतर दुसरा टाकावा लागतो, टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागतो, आणि पुढे कापसाच्या गाठी भरलेला एखादा टेम्पो असेल तर वरच्या टोकापर्यंत त्याच्या धुरातच राहायचं. या एवढ्या अडचणीसाठी मी इंजिनात बदल करायचे ठरवले.

सल्ले भरपूर मिळाले. फियाट बाळगणारा माणूस कुठेही उभा राहिला की सल्ला चालत येतो. एक म्हणाला, प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसान इंजिन टाक, ११७१ सीसी, प्रश्न मिटला. दुसऱ्याचं म्हणणं वेबरचे दोन कार्ब्युरेटर. तिसऱ्याने फ्लायव्हील लेथवर हलकं करून आण म्हणून सांगितलं. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घासून 'रेसिंग' करून देणारा माणूसही कुणाच्या तरी ओळखीत होता. हे सगळं ऐकून मी धुळ्याला आबांच्या गॅरेजात गेलो. आबा फियाटवरच म्हातारे झालेले. त्यांनी माझी वही बाजूला सारली आणि विचारलं, "सर, आधी हाई सांगा, तुमले गाडी पयाडनी शे का घाट चढना शे?"

गाडी पळवायची नाही, घाट चढायचाय, म्हटलं.

"मंग पहिले जे गयं ते परत आना. नवं मंग मांगा."

काय गेलंय ते कळायला मोजायला हवं. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे इंजिनाची शक्ती मोजणारं डायनो यंत्र नसल्याची खंत करत बसायचं कारण नव्हतं. भडगाव रस्त्यावर एक सरळ, सपाट तुकडा आहे. डिसेंबरच्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, मुलाला शेजारी बसवून मोबाइलवर वेळ घेतला. तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० वरून ६० वर जायला गाडीने ९ सेकंद घेतले. मग ६० च्या थोडं वर नेऊन गियर न्यूट्रल केला आणि गाडी आपोआप ४० वर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं: २३ सेकंद. दोन्ही दिशांनी घेऊन सरासरी काढली, म्हणजे वारा आणि रस्त्याचा न दिसणारा उतार एकमेकांना खातात.

आता गणित अकरावीचं. गाडी आणि आम्ही दोघं मिळून साधारण १०५० किलो. ४० ते ६० या वेगबदलात गतिज ऊर्जा ८१ किलोज्यूल वाढते. ती ९ सेकंदांत दिली म्हणजे ९ किलोवॅट. न्यूट्रलमध्ये तेवढीच ऊर्जा २३ सेकंदांत गेली, म्हणजे हवा आणि टायर मिळून साडेतीन किलोवॅट खातात. बेरीज साडेबारा. एवढी शक्ती मागच्या चाकांपर्यंत पोहोचत होती, आणि तीही ५० च्या सरासरी वेगाला. ४० च्या वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी, म्हणून शक्तीही कमी; दहा किलोवॅटच्या आसपास.

दुसऱ्या पानावर घाट. चौघं आणि सामान धरून ११५० किलो, चढ शंभराला आठ धरला, वेग ४०. वजन वर ओढायला साधारण ९०० न्यूटन, टायर आणि हवा मिळून सव्वादोनशे. गुणाकार करून उत्तर साडेबारा किलोवॅट.

लागणार साडेबारा, हातात दहा. गाडी दुसरा गियर का मागते याचं उत्तर एवढंच होतं. पण तिसरं पान मला जास्त महत्त्वाचं वाटलं. इंजिन नवंकोरं असतं तर याच वेगाला चाकांवर किती मिळालं असतं, याचा अंदाज मांडला तर साडेचौदाच्या जवळ येतो. म्हणजे कारखान्याने दिलेलं इंजिन धड असतं, तर घाट तिसऱ्यावर चढलाच असता. मला हवी असलेली शक्ती गाडीला एकेकाळी होतीच. ती परत मिळवायची आणि वर उन्हाळ्यासाठी थोडी राखीव ठेवायची, एवढंच काम.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं, कारण खानदेशात राहून इंजिनाचा विचार करणारा माणूस बाहेरच्या पुस्तकांवर विसंबला की फसतो. त्या पुस्तकांतली हवा पंधरा-वीस अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ होतं. भुसावळ-जळगावचा आकडा तर राज्याच्या बातम्यांत वाचतोच आपण. हवा तापली की विरळ होते, आणि इंजिनाला लागतो तो हवेतला प्राणवायू, तिचं आकारमान नव्हे. १५ अंशांची हवा आणि ४५ अंशांची हवा यांच्या घनतेत नऊ-दहा टक्क्यांचा फरक पडतो. म्हणजे डिसेंबरमध्ये मोजलेले घोडे मे महिन्यात दहातला एक घरी ठेवूनच निघतात. नव्या इंजिनाचे साडेचौदासुद्धा सव्वातेरावर येतात.

आणि हे झालं बाहेरच्या हवेचं. माझ्या गाडीचं एअर क्लीनरचं तोंड बॉनेटच्या आत, एक्झॉस्टच्या वरच्या अंगाला. तिथे थर्मामीटर बांधून बाजारातून एक फेरी मारली. बाहेर ४२, तोंडाशी ६८. या दोन तापमानांतला फरक पुन्हा सात-साडेसात टक्के घनता खातो. हेड घासा, पोर्ट मोठे करा, कॅम बदला, या सगळ्याच्या आधी हे साडेसात टक्के दिसायला हवे होते. त्यावरचा उपाय म्हणजे समोरच्या जाळीपासून एअर क्लीनरपर्यंत एक जाड नळी. पुढे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे जाणाऱ्या वाटांत, मिश्रण तापतंच, त्यामुळे कागदावरचा सगळा फायदा पदरात पडत नाही. निम्मा पडला तरी एवढ्या पैशांत त्याहून जास्त देणारा दुसरा बदल मला सापडलेला नाही.

जाता जाता पेट्रोल पंपाचा विषय. रस्त्यावरचा नव्हे, इंजिनाच्या अंगावर बसवलेला. फियाटवाल्यांना मे महिन्यात डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं ठेवायची सवय असते. गाडी दुपारी बाजारात थांबली, परत चालू केली आणि शंभर पावलांवर बंद पडली, की बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं घालायचं. पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढत बसतो. ही गोष्ट योजनेत लिहायलाच हवी होती, कारण जास्त शक्तीचं इंजिन जास्त उष्णता टाकणार. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा बेकलाइटचा जाड तुकडा, एक्झॉस्ट आणि पंप यांच्यामध्ये पत्रा, आणि पेट्रोलची नळी गरम भागापासून लांबून फिरवलेली. पत्रा गल्लीतल्या कूलरवाल्याने कापून दिला.

रेडिएटरचं काम मी लांबवत होतो, आबांनी लांबवू दिलं नाही. आमच्याकडे बोअरवेलचं पाणी जड. वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये ओतलं जातं आणि क्षारांचा थर नळ्यांत बसतो. रेडिएटरवाल्याने वरची टाकी उकलली तेव्हा कडेच्या नळ्या पांढऱ्या बुचासारख्या बंद होत्या. नळ्यांत सळी घालून साफ करण्याने, म्हणजे रॉडिंगने, भागलं असतं, मी कोअरच नवा टाकून घेतला. ब्लॉकच्या बाजूचा प्लग काढून आत तार घातली तर तांबड्या गाळाने मागच्या सिलिंडरभोवतीची जागा भरलेली. घाटात गरम होण्याचं मोठं कारण तिथेच होतं. शिवाय इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट कुणीतरी पूर्वीच काढून टाकलेला. 'आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही' हे वाक्य खानदेशातल्या प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. मला ते पटत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतात, आणि इंजिन थंड राहिलं की सिलिंडर झिजतात, तेलात पेट्रोल उतरतं. जो अडकतो तो थर्मोस्टॅट काढायचा आणि चांगला बसवायचा. नुसताच काढून टाकायचा नाही.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवायचा. पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ११५ ते १२० पाउंड, तिसरा ९०. मग प्रत्येकात चमचाभर तेल टाकून पुन्हा. तिघांचे आकडे १३५ च्या आसपास चढले, म्हणजे पिस्टनच्या रिंगा थकल्या. तेलाने फट तात्पुरती बुजली. तिसरा मात्र ९५ च्या वर हलेना. तेलाने न बुजणारी फट म्हणजे व्हॉल्व्ह. आबांनी टॅपेटची झाकणी काढून गेज घातलं तर तिसऱ्याच्या एक्झॉस्टला मोकळीकच उरलेली नव्हती. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत, म्हणजे सीटमध्ये, खोल उतरला होता.

याचं कारण सरळ आहे. या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट यांच्यामध्ये पातळ थर धरायचं. २००० सालापासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. हवा सुधारली, उत्तमच झालं; मऊ सीट मात्र तेव्हापासून झिजतायत. म्हणून योजनेत कडक सीट इन्सर्ट आणि नवे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लिहिले.

पेट्रोलचीच दुसरी बाब म्हणजे इथेनॉल. २०२३ पासून ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, येऊ लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. जुन्या गाडीवाल्यांमध्ये याविषयी फार रडगाणं चालतं, मी अर्धाच सहमत आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे अॅव्हरेज थोडं पडतं. जुने रबर फुगतात आणि चिरतात, म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटन रबराच्या घ्यायच्या. शिवाय इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो. साध्या पेट्रोलला वजनाने एकास १४.७ हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जुन्या जेटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या जुन्याच छिद्रावर, गाडी चालवली तर मिश्रण पातळ पडतं, इंजिन गरम होतं आणि घाटात ओढत नाही. सोलेक्सच्या जेटवर मिलिमीटरच्या शतांशात आकडा असतो. मी एक नंबर मोठा जेट लावला आणि प्लगचा रंग पाहिला, पांढुरका होता तो तपकिरी झाला. पण ई-२० ची एक बाजू आपल्या फायद्याची आहे: त्याचं ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याचा गुण, जास्त. पूर्वीच्या हलक्या पेट्रोलसाठी कारखान्याने कॉम्प्रेशन कमी ठेवलं होतं; ते थोडं वाढवायला आता जागा आहे.

इथे माझी वही फार उत्साहात आली होती. हेडच्या खोबणीवर काच ठेवून, सुईच्या सिरिंजने रॉकेल भरून, गॅस्केटची जाडी धरून मोकळी जागा ४३ सीसी निघाली. एका सिलिंडरचं आकारमान २७२. म्हणजे कॉम्प्रेशनचं गुणोत्तर ७.३. बोअर तर मोठा करावाच लागणार, रिंगांनी सांगितलंच होतं. ०.६ मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले की आकारमान २७७ होतं आणि गुणोत्तर आपोआप ७.४. मला ८.५ हवं होतं. त्यासाठी मोकळी जागा ३७ सीसीवर आणायची, म्हणजे सहा सीसी कमी. हेडच्या खोबणीचं तोंड तीसेक चौरस सेंटिमीटर. एक मिलिमीटर घासलं की तीन सीसी जातात. दोन मिलिमीटर घासायचं.

आबांनी नुसती मान हलवली. मग मी दुसरं गणित केलं, जे आधी करायला हवं असं कुणीही म्हणेल. ७.४ वरून ८ वर गेल्याने तात्त्विक कार्यक्षमता किती वाढते? अडीच टक्के. साडेआठवर नेलं तरी साडेचार. नळीच्या तुकड्याने कागदावर मिळणाऱ्या साडेसात टक्क्यांपुढे हे किती किरकोळ! आणि त्यासाठी मी अॅल्युमिनियमचं जुनं हेड दोन मिलिमीटरने पातळ करणार, पुशरॉडची लांबी आणि रॉकरचा कोन बिघडवणार, मे महिन्यात नॉकिंगला, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांना, आमंत्रण देणार. हेडवर स्ट्रेट एज ठेवलं तर मधोमध ०.१५ ची फट दिसलीच होती. गरम होऊन होऊन हेड वाकलं होतं. ते सरळ करायला काहीतरी घासावंच लागणार. म्हणून आकडा ठरला ०.६ मिलिमीटर. त्याने गुणोत्तर ७.७ होतं. रॉकर स्टँडखाली तेवढ्याच जाडीच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, टाकायच्या.

बोअरचंही असंच. इटलीत याच गाडीला ७२ चा बोअर होता, स्ट्रोक तोच ७५, आणि त्यातून १२२१ सीसी मिळायचे. हे वाचून कुणाच्याही डोळ्यांत चमक येईल. पण आपला ब्लॉक ६८ साठी ओतलेला. चार मिलिमीटरने बोअर वाढवला म्हणजे प्रत्येक भिंतीतून दोन गेले. आत पन्नास वर्षांचा गंज किती खाऊन बसलाय ते बाहेरून दिसत नाही, आणि ७२ चे पिस्टन मिळवायचे ते वेगळंच. १३२ सीसीसाठी ब्लॉक पणाला लावायचा नाही. ०.६ वाढवून १९ सीसी मिळतात ते फुकटचे.

कॅमवर आमची बराच वेळ चर्चा झाली. जास्त वेळ व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा कॅम वरच्या फेऱ्यांना श्वास देतो आणि खालच्या फेऱ्यांतला जोर काढून घेतो. मी घाटात तिसऱ्या गियरवर ४० ने जातो तेव्हा इंजिन मिनिटाला तेवीस-चोवीसशे फेऱ्यांवर असतं. तिथलाच जोर गेला तर कॅम घासून मी मिळवलं काय? शिवाय हा क्रँक तीन बेअरिंगांचा. कारखान्याने शक्तीचा कळस ४८०० फेऱ्यांना ठेवलाय. ६००० फिरवलं तर पिस्टन-रॉडवरचा जडत्वाचा ताण दीडपटीच्या वर जातो. फेऱ्यांचा वर्ग लागतो ना तिथे. तेव्हा कॅम मूळ मापाचाच. डायल गेज लावून सगळे लोब, म्हणजे कॅमचे उंचवटे, तपासले, एक जवळजवळ अर्धा मिलिमीटर झिजलेला निघाला. म्हणजे एक व्हॉल्व्ह इतकी वर्षं अर्धवटच उघडत होता. नवा, साधा कॅम आणि नवे टॅपेट.

वेबरचे दोन कार्ब्युरेटर याच कारणाने गेले. हे इंजिन ४८०० फेऱ्यांवर मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं, घाटात तर त्याच्या निम्मी. मोठ्या तोंडाच्या कार्ब्युरेटरमध्ये एवढ्याशा हवेला वेगच येत नाही, पेट्रोल नीट फुटत नाही, गाडी अॅक्सिलरेटर दाबला की खोकते. सोलेक्सचं झिजलेलं स्पिंडल बुश टाकून घट्ट केलं, तेवढ्याने आयडलिंग बसलं. फ्लायव्हील हलकं केल्याने गाडी चटकन फेऱ्या घेते, शक्ती एक वॉटनेही वाढत नाही. एकाच वेगाने चढताना त्याचा उपयोग शून्य आणि चढावर गाडी उचलताना उलट त्रास.

निसान इंजिनाबद्दल मात्र खरंच विचार केला होता. चांगलं इंजिन आहे. पण आरसीवरचं इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि नोंद आली. आणि दुसरं असं की जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून जास्त वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी मग रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शनं-रॅली अशा कामांपुरतीच. म्हणजे बहिणीकडे भाऊबीजेला जायचं तर रॅली भरवावी लागेल. आज मला तो नंबर नको आहे. उद्या मुलाला हवा वाटला तर वाट बंद झालेली नको, म्हणून ठरवलं की जे करायचं ते परत फिरवता येईल असं. मूळ हेड घासायचंच नाही, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर. ठिणगीसाठी प्रवाह तोडणारे मूळ पॉइंट, मूळ एअर क्लीनरही तिथेच.

त्यासाठी दुसरं हेड लागणार होतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींपैकी शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तोवर सुट्या भागांची चिंता नव्हती; टॅक्सीवाले होते म्हणून दुकानदार माल ठेवत. आता दुकानदार आधी 'कशाला पाहिजे' विचारतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळालेल्या पहिल्या हेडला दोन व्हॉल्व्हच्या मध्ये केसासारखी चीर होती. दुसरं चीर दाखवणारा रंग, म्हणजे डाय-पेनिट्रंट, लावून तपासलं, मगच पैसे दिले. ते टॅक्सीचंच असावं, पाण्याच्या वाटा स्वच्छ होत्या. टॅक्सीवाला गाडी गरम होऊ देत नाही.

इंजिन उघडण्याआधी बाहेरून करता येणारं सगळं आधी करून पुन्हा मोजायचं, हा क्रम आबांचा आणि माझा एकमताने ठरला. त्यात ब्रेक पहिले. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, लळिंगच्या उतारावर ते तापले की पायाखालचं पेडल कसं वाटतं हे मला माहीत आहे. नवे लायनिंग, नवे व्हील सिलिंडर, नवं तेल. ब्रेक न करता घोडे वाढवणाऱ्या माणसाशी आबा बोलतही नाहीत.

मग इग्निशन. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटाने हलवला तर खुळखुळत होता, त्यामुळे पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी. बुश बदलले, वजनांच्या गंजलेल्या स्प्रिंगा बदलल्या, पॉइंटच्या जागी झाकणाच्या आत मावणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. आमच्याकडे टायमिंग, म्हणजे ठिणगी किती आधी पाडायची ते, कानाने लावतात: टॉपमध्ये गाडी दाबायची, नॉक मारली की जरा मागे घ्यायचं. आबांचा कान लाख मोलाचा, पण तो जानेवारीत लावलेलं टायमिंग मे महिन्यात चालेल याची हमी देत नाही. टायमिंग लाइटने पुलीवर खुणा करून पूर्ण अॅडव्हान्स ३० अंशांच्या आत बांधला. आबांनी तरीही एक चक्कर मारून ऐकलंच.

नळी, पत्रा, रेडिएटर, जेट, डिस्ट्रिब्युटर. थंडी असेपर्यंत पुन्हा भडगाव रस्ता. ४० ते ६०, साडेसात सेकंद. ८१ भागिले साडेसात म्हणजे १०.८, अधिक साडेतीन, १४.३ किलोवॅट. इंजिनाला पाना न लावता साडेबाराचे सव्वाचौदा. घाटातल्या ४० च्या वेगाला ते साडेअकरा भरतात, लागणार साडेबारा. उरलेला एक आणि उन्हाळ्याचा एक, असे दोन किलोवॅट आता रिंगा, व्हॉल्व्ह आणि कॅम यांच्याकडून घ्यायचे. कॉम्प्रेशन सारखं झालं, तिसरा सिलिंडर कामाला लागला, की ते यायला हरकत नाही. पोर्टचं काम मी फक्त मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि हेड यांची तोंडं जुळवण्यापुरतं ठेवलंय. जुळत नव्हती, एका पोर्टला दीड मिलिमीटरची पायरी होती. आरशासारखं पॉलिश मी करू देणार नाही, इनटेकची भिंत जराशी खरबरीत असली तर पेट्रोल भिंतीला चिकटून वाहत नाही. सीटला मात्र ३०, ४५ आणि ६० अंशांचे तीन काप. एक्झॉस्टचं ओतीव मॅनिफोल्ड तसंच, पुढचा दबलेला पाइप नवा.

इंजिन आता आबांकडे स्टँडवर आहे. ब्लॉक केमिकलच्या टाकीतून निघून जळगावच्या एमआयडीसीत बोअरिंगवाल्याकडे गेलाय, आणि तो तिथे तसाच पडून आहे, कारण पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला टूल लावायचं नाही असं मी त्याला लिहून दिलंय. तो वैतागलाय. त्याच्या मते सेटवर लिहिलंय ६८.६, मग ६८.६ करून टाकायचं, आणि 'आपल्याकडे ऊन आहे' म्हणून वर थोडं सैल ठेवायचं. सैल ठेवलेला पिस्टन थंडीत खडखडतो आणि वर्षभरात रिंगा पुन्हा तिथेच येतात. चारही पिस्टन स्कर्टला, म्हणजे खालच्या घेराला, मायक्रोमीटरने मोजायचे, कोणता कुठल्या भोकात ते रंगाने लिहायचं, आणि प्रत्येक भोक त्याच्या पिस्टनपेक्षा ठरलेल्या मोकळिकीएवढंच मोठं करायचं. पिस्टनचा सेट मुंबईहून निघालाय. तो आला की मी स्वतः मायक्रोमीटर घेऊन जळगावला जाणार आहे.